कँटनच्या गोल टेबलावर

आमच्या कुरुंद्यात संध्याकाळी दिवे लागले की चायनीजची गाडी उभी राहते. लाल बोर्ड, त्यावर आग ओकणारा ड्रॅगन आणि खाली भल्या मोठ्या कढईतून उडणारा जाळ. मंचुरियन, हक्का नूडल्स, शेजवान राईस. पोरं हातात प्लेट घेऊन उभ्या उभ्या खातात आणि नाक पुसत घरी जातात. कुरुंदा हे हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातलं गाव. नरहर कुरुंदकरांचं आडनाव ज्या गावावरून आलं, तेच. हळदीचा आणि उसाचा हा मुलूख. इथं राहून चिनी जेवणाची माझी कल्पना त्या गाडीएवढीच होती. लाल, तिखट आणि लसणाचं.

ही कल्पना मोडली ती मुंबईत, आणि तीही माझ्या आईमुळं. ते कसं झालं, हे आज सांगणार आहे. त्या निमित्तानं कँटनचं जेवण म्हणजे काय, तसल्या भारी हॉटेलातल्या लाल खांबांचा आणि गोल दारांचा अर्थ काय, आणि हे रांधणारी माणसं आपल्याकडं आली कुठून, हेही पाहू.

माय शहात्तर वर्षांची आहे. गळ्यात तुळशीची माळ. संत नामदेवांचं नरसी आमच्याच जिल्ह्यात, तेव्हा पंढरीची वाट आमच्या घराला नवी नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मुंबईला भाच्याकडं राहून शस्त्रक्रिया करून घेतली. गावी परतायच्या आदल्या दिवशी भाचा म्हणाला, ‘‘मामा, आजीला आता स्वच्छ दिसतंय. काहीतरी बघण्यासारखं दाखवू या.’’ त्याच्या कंपनीत परदेशी पाहुणे आले की त्यांना ज्या हॉटेलात नेतात, तिथं त्यानं टेबल राखून ठेवलं होतं. हॉटेल चिनी, त्यातही कँटनी पद्धतीचं. मी म्हटलं, ‘‘अरे, माळकरी बाई ती. तिथं काय खाणार?’’ तो म्हणाला, ‘‘मी विचारून ठेवलंय. सगळी सोय होते.’’

माझ्या मनात मात्र दोन गोष्टींची भीती होती. एक म्हणजे, माय तिथं उपाशी राहील आणि चारचौघांत काही बोलणारही नाही. दुसरी सांगायला जरा लाज वाटते. काड्यांनी खाता येत नाही म्हणून तिथल्या सुटाबुटातल्या लोकांसमोर आपलं हसं होईल.

हॉटेलच्या दारातच दोन दगडी सिंह होते. एकाच्या पंजाखाली चेंडू, दुसरीच्या पंजाखाली पिल्लू. चेंडूवाला नर, पिल्लूवाली मादी. गंमत अशी, की चीनमध्ये सिंह हा प्राणी मुळात नाही. सिंहाची मूर्ती तिकडं गेली ती बौद्ध धर्माबरोबर, पश्चिमेकडच्या वाटेनं. म्हणजे दारावरचा हा राखणदार आपल्याच बाजूनं तिकडं गेलेला.

आत पाऊल टाकलं तर समोर कोरीव लाकडाचा पडदा उभा. सरळ आत जाताच येईना, वळसा घालावा लागला. वाईट शक्ती नाकासमोर सरळ चालतात, त्यांना वळण घेता येत नाही, अशी तिकडची जुनी समजूत. समजूत बाजूला ठेवली तरी उपयोग दिसतोच. रस्त्यावरच्या माणसाला आतलं काही दिसत नाही. आपल्या वाड्यांना देवडी असायची ती याचसाठी. पडद्यापलीकडं पूर्ण चंद्रासारखं गोल दार होतं. ही चिनी बागेतली जुनी रीत. अशा दारातून पलीकडचं झाड किंवा पाणी पाहिलं की चौकटीत बसवलेल्या चित्रासारखं दिसतं.

माय नव्या डोळ्यांनी एकेक गोष्ट पाहत होती. खिडक्यांच्या लाकडी जाळीशी ती थबकली. ‘‘ही वटवाघळं कशाला कोरली रं दारात? अवलक्षण!’’ मी नीट पाहिलं तर खरंच वटवाघळं होती. तेवढ्यात हॉटेलचे मॅनेजर पुढं आले. सत्तरीच्या घरातले, तोंडवळा चिनी, बोलणं अस्सल मुंबईचं हिंदी आणि मधूनमधून मराठी. हात जोडून म्हणाले, ‘‘माताजी, हमारे यहाँ ये शुभ है.’’

त्यांनी सांगितलं ते असं. चिनी भाषेत वटवाघळाला ‘फू’ म्हणतात आणि भाग्यालाही ‘फू’च म्हणतात. लिहायची चिन्हं वेगळी, उच्चार एक. म्हणून वटवाघूळ कोरलं की घरात भाग्य आलं. माशाचंही तसंच. ‘यू’ म्हणजे मासा आणि ‘यू’ म्हणजे शिल्लक, बरकत. म्हणून चित्रात मासा, हौदात मासा. कँटनच्या बोलीत आठ हा आकडा भरभराटीच्या शब्दासारखा ऐकू येतो, म्हणून तो सर्वांना हवा. चार हा मरणासारखा ऐकू येतो, म्हणून तो नको. चिनी सजावट ही अशी निम्मी डोळ्यांनी पाहायची आणि निम्मी कानांनी ऐकायची असते. ती भाषा येत नसली, तर आपल्याला नुसतीच रंगरंगोटी दिसते.

भिंतीवर चार लांबट चित्रं होती. हिमात फुलणारा प्लम, रानातलं ऑर्किड, बांबू आणि शेवंती. चिनी परंपरेत या चौघांना ‘चार सज्जन’ म्हणतात. प्लम थंडीत फुलतो म्हणून धीराचा. ऑर्किड कोणी पाहो न पाहो दरवळतं म्हणून निर्मळ. बांबू वाकतो पण मोडत नाही. शेवंती बाकीची फुलं संपल्यावर फुलते. लाल रंग हा तिकडं लग्नाचा आणि सणाचा, पांढरा दुःखाचा. कोपऱ्यात निळ्या नक्षीच्या मोठाल्या बरण्या मांडलेल्या होत्या. त्या पाहून माय म्हणाली, ‘‘लोणच्याच्या बरण्या रिकाम्याच ठेवल्यात की!’’ भाचा हसला, पण ती बोलली ते काही खोटं नव्हतं. आपण ज्या मातीच्या भांड्यांना चिनीमाती म्हणतो, ती कला चीनचीच. तिकडच्या काओलिंग नावाच्या डोंगरावरूनच या पांढऱ्या मातीला जगभर ‘केओलिन’ हे नाव पडलं. आपल्या आज्या-पणज्यांच्या फडताळात चीन कधीचा येऊन बसला होता.

आम्हाला गोल टेबल दिलं. मधे एक गोल फिरती पाटी. पदार्थ त्या पाटीवर ठेवायचे, पाटी फिरवायची आणि ज्यानं त्यानं आपल्या वाटीत घ्यायचं. गोल टेबलाला डोकं नसतं, शेपूट नसतं. तरी मान असतो. दाराकडं तोंड करून असलेली जागा वडीलधाऱ्याची. मॅनेजरनी मायला तिथंच बसवलं आणि चहाचा पहिला पेला तिच्यापुढं ठेवला. जेवणाआधी चहा, तोही बिनदुधाचा, बिनसाखरेचा. मायनं विचारलं, ‘‘हे काय हाय?’’ ते म्हणाले, ‘‘चा.’’ माय म्हणाली, ‘‘मंग च्या म्हना की!’’

यात विनोद आहे, पण इतिहासही आहे. कँटनच्या बोलीत चहाला ‘चा’ म्हणतात. उत्तरेकडं खुष्कीच्या मार्गानं हा शब्द इराणपर्यंत गेला. पोर्तुगीजांनी तो मकाव बंदरातून उचलला. आपला चहा, खेड्यातला च्या, हिंदीतला चाय, सगळे त्याच घरचे. फूजियानच्या किनाऱ्यावर मात्र ‘ते’ म्हणतात. तो शब्द डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेला आणि त्याची इंग्रजीत ‘टी’ झाली.

भाच्यानं मायचा पेला पुन्हा भरला आणि मला एक रीत दाखवली. दुसऱ्यानं आपल्याला चहा ओतला की बोलणं न थांबवता दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवायची. हे झालं आभार. त्याची एक दंतकथा आहे. छ्येनलुंग बादशहा वेष पालटून प्रजेत हिंडत होता. एका चहाच्या दुकानात त्यानं स्वतःच नोकराला चहा ओतला. नोकरानं खरं तर लोटांगण घालायला हवं, पण घातलं तर बादशहा ओळखू येणार. म्हणून त्यानं बोटं वाकवून टेबलावर टेकवली, जणू बोटांनीच गुडघे टेकले. कथा खरी असो वा नसो, रीत खरी आहे. किटली रिकामी झाली की ओरडायचं नाही. झाकण जरा कलतं ठेवायचं. वेटर समजून घेतो.

आता मायच्या जेवणाकडं येतो. शेजारच्या टेबलावर अख्खा मासा आला, डोक्यासकट. मायनं पदर नाकाला लावला आणि मला हळूच म्हणाली, ‘‘मला भूक नाय. तुमी खावा.’’ मला ज्याची भीती होती, तेच झालं. मी भाच्याकडं पाहिलं. भाच्यानं मॅनेजरना खूण केली. ते आले, मायच्या गळ्यातली माळ पाहिली आणि खुर्चीशी जरा वाकून म्हणाले, की माझी आजीही महिन्यातून दोन दिवस मांसमच्छी शिवायची नाही. एक पहिल्या तिथीला, एक पंधराव्या तिथीला.

चिनी महिना चांद्र आहे. पहिली तिथी अमावास्येच्या दिवशी येते आणि पंधरावी पौर्णिमेच्या सुमाराला. कितीतरी चिनी कुटुंबांत हे दोन दिवस शाकाहाराचे. बौद्ध भिक्षूंच्या शाकाहारात तर लसूण, कांदा अशा पाच उग्र वस्तूही वर्ज्य असतात. मायनं हे ऐकलं आणि म्हणाली, ‘‘चातुर्मासावानीच की.’’ मग तिनं सरळ विचारलं, ‘‘भांडी येगळी का?’’ मॅनेजर म्हणाले, ‘‘कढई, चमचा, टोपली, सब अलग. मैं खुद देखूँगा.’’ ते स्वतः आत गेले. त्या दिवशी आम्ही तिघांनीही शाकाहारच घेतला.

पहिल्यांदा बांबूच्या लहान लहान टोपल्या आल्या. झाकण काढलं तर वाफ, आणि आत पारदर्शक पारीचे इवलेसे मोदक म्हणा ना. पारीतून आतलं गाजर, मशरूम, हिरवा पाला दिसत होता. याला म्हणतात डिमसम. शब्दाचा अर्थ, हृदयाला स्पर्श करणारं. पोट भरण्यासाठी नव्हे, चहाबरोबर मन रिझवण्यासाठी. कँटनकडं सकाळी घरातली सगळी मंडळी, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत, चहाच्या हॉटेलात जमतात. त्याला ‘यम चा’ म्हणतात, म्हणजे चहा पिणं. पण चहा निमित्ताला. डिमसमच्या टोपल्यांबरोबर तास-दोन तास गप्पा चालतात.

मायनं एक हातात घेऊन निरखलं. ‘‘वाफेवरचं हाय? मंग हे आपल्या दिंडावानीच.’’ मराठवाड्यातल्या आयाबहिणींना सांगायला नको. नागपंचमीला तवा ठेवत नाहीत, तळत नाहीत, चिरत नाहीत. त्या दिवशी पुरणाची दिंडं वाफवतात. मायनं पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मी सुटकेचा श्वास टाकला. काड्यांचं म्हणाल, तर माय हातानंच खात होती आणि कोणीही वळून पाहिलं नाही. डिमसमला हात लावला तर मोठा अपराध होत नाही, असं भाच्यानं सांगितलं. मग मीही काड्या खाली ठेवल्या. एक नियम तेवढा पाळावा. काड्या भातात उभ्या रोवून ठेवू नयेत. मृतासाठी उदबत्त्या लावतात तशा त्या दिसतात, म्हणून ते अशुभ. आपण पिंडाची आठवण होईल असं काही ताटात करू का? तसंच ते.

टेबलावर सुरी नव्हती. चिनी स्वयंपाकात सगळी कापाकापी आत, स्वयंपाकघरात होते. टेबलावर घासाएवढेच तुकडे येतात.

पुढं कोवळी हिरवी भाजी आली. आलं घालून नुसती परतलेली, अजून करकरीत. मग टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. आणि मग मुख्य पदार्थ, ‘लो हान जाय’. मशरूम, सोयाबीनच्या दुधावरची वाळवलेली साय, काचेसारख्या शेवया आणि काही भाज्या, सगळं एकत्र मंद शिजवलेलं. लो हान हा शब्द आपल्या ‘अर्हत’ या शब्दाचं चिनी रूप. बुद्धाच्या मार्गानं मुक्त झालेला साधू तो अर्हत. म्हणजे हे साधूंचं जेवण. माझ्या जिभेला सुरुवातीला सगळं अळणी वाटलं. लाल काही नाही, पिवळं काही नाही. हळद तर कँटनच्या स्वयंपाकात जवळजवळ नाहीच. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं, आम्ही त्या मातीतले, आमच्या जेवणात हळद नाही असा दिवस उगवत नाही. पण तिची सख्खी बहीण तिथं प्रत्येक पदार्थात होती. आलं आणि हळद एकाच कुळातल्या.

चार-पाच घास झाल्यावर मात्र जीभ शांत झाली आणि एकेक चव वेगळी कळायला लागली. भाजी भाजीसारखी, मशरूम मशरूमसारखं. कँटनी स्वयंपाकाचं सगळं मर्म यात आहे. वस्तू ताजी असेल तर तिची चव झाकू नये. मसाला हा वस्तूच्या मागं उभा राहावा, पुढं नव्हे. म्हणूनच माशांचे हौद हॉटेलातच असतात. मासा शेवटपर्यंत जिवंत ठेवतात, मोजकी मिनिटं वाफवतात, वर आलं आणि कांद्याची पात ठेवून कडकडीत तेल आणि सोयासॉस ओततात. दोन मिनिटं जास्त झाली तर मासा बिघडला. तिखट-मसाल्यात शिळेपणा लपतो, वाफेत लपत नाही.

दुसरं मर्म आचेचं. कँटनी लोक ‘वोक हेय’ असा शब्द वापरतात. वोक म्हणजे ती खोलगट कढई, हेय म्हणजे श्वास. कढईचा श्वास. लोखंडी कढई धगधगत्या आचेवर इतकी तापवायची की भात, भाजी पडताक्षणी तिला एक खरपूस वास लागतो. तो काही क्षणच टिकतो, म्हणून ताट लगेच टेबलावर आलं पाहिजे. आमच्या गावातल्या गाडीवरचा पोरगा जो जाळ उडवतो, तो याच विद्येचा धागा आहे. त्याला ठाऊक असो वा नसो.

असं जेवण महाग का, याचं उत्तरही यातच आहे. ताजा माल रोज लागतो. डिमसमची पारी कागदासारखी लाटणारा कारागीर तयार व्हायला वर्षं लागतात. बिल भाच्यानं मला दाखवलं नाही आणि मी मागितलंही नाही.

जेवण संपल्यावर संत्र्याच्या फोडी आल्या. हॉल रिकामा होत आला होता. मॅनेजर आमच्यापाशी येऊन बसले. मागच्या भिंतीला एक लहान देव्हारा होता. लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा योद्धा, पुढं उदबत्ती आणि संत्री. मायनं तिकडं पाहून हात जोडले आणि विचारलं, ‘‘कोन देव ह्ये?’’ ते म्हणाले, ‘‘क्वान कुंग.’’ सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा हा सेनापती. दिलेला शब्द मोडला नाही म्हणून लोकांनी त्याला देव केलं. परदेशी गेलेल्या चिनी माणसाच्या दुकानात, हॉटेलात हा देव हटकून असतो. परमुलखात धंदा शब्दावरच चालतो ना.

मुंबईत याच देवाचं एक देऊळ आहे. माझगावला, गोदीजवळ, 1919 साली बांधलेलं. ‘सी यिप कून’ असं त्या वास्तूचं नाव. सी यिप म्हणजे चार परगणे. कँटन प्रांतातल्या या चार परगण्यांतली माणसं जहाजांवर आणि गोदीत कामाला म्हणून मुंबईत आली आणि त्यांनी हे देऊळ उभारलं. मॅनेजरचे आजोबा त्यांतलेच. स्वतःबद्दल ते म्हणाले, ‘‘मेरा तो जनम माझगाव का.’’

कँटन, म्हणजे आजचं ग्वांगझौ, आणि मुंबई यांचं नातं जुनं. 1757 पासून 1842 पर्यंत पाश्चात्त्य व्यापाऱ्यांसाठी चीनचं हे एकच बंदर उघडं होतं. मुंबईहून तिकडं कापूस जायचा आणि माळव्याची अफूही जायची. ही अफू चीनच्या घराघरांत काय करून गेली, ते सर्वांना माहीत आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी चीनच्या अनेक वाऱ्या केल्या. पारशी स्त्रियांच्या ‘गारा’ साड्यांवरचं भरतकाम तिकडूनच आलं. कोलकात्याला तर अठराव्या शतकाच्या अखेरीसच अछू नावाचा एक चिनी माणूस आला. त्याला जमीन मिळाली, त्यानं साखरेचा कारखाना काढला. अछीपूर हे गाव त्याच्याच नावाचं.

एकोणिसाव्या शतकात युद्धं, बंडाळ्या आणि गरिबीमुळं कँटन प्रांतातून माणसं जगभर पांगली. जिथं गेली तिथं कोणी सुतार झाला, कोणी धोबी, कोणी खानावळवाला. म्हणून बराच काळ जगाच्या दृष्टीनं चिनी जेवण म्हणजे कँटनचंच जेवण होतं.

मग 1962 आलं. 20 ऑक्टोबरला चीननं हल्ला केला, महिनाभर युद्ध चाललं. आपले जवान हिमालयात धारातीर्थी पडले. ते दुःख मोठं होतं आणि आहे. पण त्याच वेळी पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या चिनी वंशाच्या माणसांवरही संशय आला. आसाम, बंगाल या भागांतून सुमारे 3000 जणांना धरून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत ठेवलं. त्यांत म्हातारे होते, लेकरं होती. काही जण तिथं कित्येक वर्षं राहिले. पुढं बरीच कुटुंबं देश सोडून गेली. जी राहिली, त्यांतल्या अनेकांनी पोटासाठी कढईच धरली. मॅनेजर या विषयावर काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की तेव्हा मी लहान होतो आणि वडील घराबाहेर कमी पडायचे.

गाडीवरच्या मंचुरियनची गोष्ट याच माणसांपैकी एकाची. कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वांग 1970च्या दशकात मुंबईत आले. 1975 साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात एका गिऱ्हाइकानं काहीतरी नवं मागितलं. वांग यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला नेहमीचा सरंजाम घेतला, गरम मसाल्याऐवजी सोयासॉस घातला, कॉर्नफ्लॉवरनं दाटपणा आणला. चिकन मंचुरियन जन्माला आलं ते असं, असं सांगतात. चीनच्या ईशान्येच्या मंचुरिया प्रांताचा त्याच्याशी काही संबंध नाही. याच दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झालं आणि सिचुआन प्रांताच्या तिखट जेवणाची गोडी लागली. त्या सिचुआनचं आपण ‘शेजवान’ केलं. खऱ्या सिचुआनी जेवणात जिभेला मुंग्या आणणारी एक मिरी असते, आपल्या कोकणातल्या तिरफळाची ती भावकीच. आपल्या शेजवान चटणीत ती नसते. लाल मिरची आणि लसूणच असतो.

मग आमच्या गाडीवरचं ते खोटं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो हे तरी आपले कुठं होते? समुद्रापलीकडून आले आणि आपले झाले. परक्या गावात टिकण्यासाठी एका समाजानं आपल्या हातची चव इथल्या जिभेला जुळवून घेतली. मंचुरियन ही त्या जुळवून घेण्याची खूण आहे. ते आवडीनं खावं. पण तेवढंच पाहून ‘चिनी लोक असलं खातात’ असं म्हणू नये. उद्या कोणी मुंबईतला वडापाव खाऊन मराठी जेवण कळलं म्हणालं, तर आपल्या पुरणाला, दिंडाला, ज्वारीच्या भाकरीला काय वाटेल?

तुमच्यापैकी कोणाला अशा हॉटेलात जायचा योग आला, तर अनुभवाचे चार शब्द सांगतो. लाजू नका, विचारा. सगळ्यांनी मिळून पदार्थ मागवा, एकेकट्यानं नको. शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेज’ म्हणून थांबू नका. ऑयस्टर सॉस नको असं स्पष्ट सांगा. तो कालवांपासून करतात, 1888 साली कँटन प्रांतातच निघाला आणि तिकडच्या हिरव्या भाजीवरही सर्रास घालतात. नूडल्समध्ये अंडं आहे का, सूप कशाच्या पाण्यात केलंय, हेही विचारा. विचारणाऱ्याला कोणी हसत नाही. निदान माझ्या मायला कोणी हसलं नाही.

निघताना मॅनेजर दारापर्यंत पोचवायला आले. मायनं त्यांच्या हातावर हात ठेवून म्हटलं, ‘‘कुरुंद्याला या एकदा. दिंडं करून घालते.’’ त्यांनी मान लववली.

घरी आल्यावर शेजारणी जमल्या. डोळे कसे आहेत ते विचारलं आणि मग काय काय पाहिलंस, म्हणाल्या. मायनं समुद्र सांगितला, रेल्वे सांगितली आणि त्या हॉटेलाबद्दल एवढंच सांगितलं, ‘‘मान्सं परकी होती, पन रीत वळखीची होती.’’ आता सूनबाईनं कपात च्या ओतला, की बोलता बोलता मायची दोन बोटं हलकेच फरशीवर टेकतात. सूनबाईला आधी कळेना, हे काय. आता तीही हसते आणि किटली पुन्हा चुलीवर ठेवते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)